हसनाबादचा मुक्काम

गेल्या माघात राजूरच्या गणपतीस जाण्याचा योग आला. अंगारकीस तेथे जी गर्दी लोटते तीत माझ्यासारख्या म्हाताऱ्याचा निभाव लागणे कठीण, म्हणून मुद्दाम साधा वार धरला होता. दर्शन निवांत झाले. प्रसाद घेऊन मोटारस्टँडकडे येत असता मोसंबीच्या एका टेंपोपाशी उभे असलेले पन्नाशीचे एक गृहस्थ लगबगीने पुढे आले व वाकून पायांस हात लावून म्हणाले, “गुरुजी, ओळखलंत का?”

मी ओळखले होते. सदतीस-अडतीस वर्षे मध्ये गेली होती, डोक्याचे केस निम्मे पांढरे झाले होते. परंतु बोलताना मान किंचित तिरपी करण्याची लकब तीच होती. शाळामास्तराची स्मृती हे एक विचित्र भांडार असते. हुशार मुले त्यात राहतात, खोडकर मुले राहतात, आणि ज्यांच्याशी आपण नीट वागलो नाही अशी एकदोन मुले, कितीही झाकली तरी, राहतातच. हा मुलगा त्या तिसऱ्या वर्गातला. त्यामुळे ओळखले नसते तर बरे झाले असते, असेही क्षणभर मनात येऊन गेले.

त्याची हसनाबादेस थोडी शेती व मोसंबीची बाग होती. “जवळच आहे, आज मुक्काम करा, उद्या सकाळी मीच मोटारीत बसवून देतो,” असा त्याने आग्रह धरला. मी नाही होय करीत होतो. तेव्हा तो हसून म्हणाला, “गुरुजी, आमच्याकडं जेवायला चालत नसेल तर फळं तर चालतील?” हे वाक्य त्याने सहज उच्चारले, पण त्यानंतर नकार देणे मला शक्य राहिले नाही.

भोकरदन तालुक्याचा हा मुलूख ज्यांनी पाहिला नसेल त्यांस त्याची कल्पना यावी म्हणून थोडे सांगतो. सारी जमीन काळी. माघात कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या असतात, ज्वारी हुरड्याच्या पुढे जाऊन पिवळी पडू लागलेली असते, आणि गिरिजा नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू व वाळूपेक्षा गोटेच अधिक दिसतात. ही गिरिजा पुढे पूर्णेला मिळते व पूर्णा गोदावरीला. तालुक्याचे ठाणे जे भोकरदन, त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान कोरून ठेवणाऱ्यांत या भोगवर्धनची माणसे आहेत. १९७३ मध्ये तेथे उत्खनन झाले तेव्हा हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिचे साम्य इटलीतील पाँपेई शहरात १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी आहे असे तज्ज्ञांच्या ध्यानात आले. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या कोरड्या वाटणाऱ्या मुलखाची कारागिरी, किंवा तिची सख्खी बहीण, समुद्रापलीकडे एका रोमन घरात जाऊन बसली होती. असईचे रणांगणही याच भागात. तेथे १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा जनरल वेलस्लीने पराभव केला. परदेशाशी या मातीचा संबंध असा फार जुना, कधी मूर्तीच्या रूपाने, कधी तोफेच्या.

घर साधे, पत्र्याचे, पुढे शहाबादी फरशीचा ओटा. त्याची पत्नी परिचारिका. माझ्यासाठी ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी व ठेचा असा बेत तिने केला होता. “आज घरात दुसरं काही शिजवलं नाही,” असे तिने न विचारता सांगितले. माझ्या वडिलांनी या घरी पाणीही घेतले नसते. मी जेवलो, परंतु पहिला घास घेताना मनाच्या तळाशी काहीतरी हलले नाही असे म्हटले तर ते खरे होणार नाही. वाचकांपैकी जे माझ्या वयाचे असतील त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

जेवण झाल्यावर ओट्यावर बसलो आणि बोलणे निघाले ते त्याच्या परदेशप्रवासाचे. तो जालन्यास रुग्णालयात ब्रदर म्हणून नोकरीस होता. तेव्हा चर्चमार्फत २००९ ते २०११ अशी दोन वर्षे स्कॉटलंडात एडिंबरो शहरी वृद्धांच्या एका सेवागृहात तो राहून आला. दिवसा रुग्णसेवा, आणि रविवारी निरनिराळ्या चर्चमध्ये जाऊन हिंदुस्थानातील ख्रिस्ती मंडळीविषयी चार शब्द सांगणे, असा त्याचा क्रम होता.

“आपल्याकडं मिशनरी तिकडून यायचे,” तो म्हणाला, “आणि मी इकडून तिकडं मिशनरी म्हणून गेलो. पहिल्याच रविवारी एक ऐंशीच्या पुढची बाई काठी टेकत आली नि म्हणाली, जालना ना? आम्ही लहानपणी रविवारच्या शाळेत जालन्याच्या दवाखान्यासाठी डब्यात पैसे टाकत असू. मग तिनं विचारलं, तिथं अजून प्रार्थनेला लोक येतात का? मी म्हटलं, जागा पुरत नाही. ती रडायला लागली. तिच्या लहानपणीचं चर्च विकलं गेलं होतं, गुरुजी. तिथं आता राहण्याच्या खोल्या झाल्यात.”

हे ऐकून मला नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांची आठवण झाली. हे कोकणस्थ घराण्यातले काशीचे पंडित. १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व ते नेहेम्या गोऱ्हे झाले. १८५४ साली दुलीपसिंग महाराजांबरोबर ते विलायतेस गेले. ज्या धर्मासाठी त्यांनी बाप, बायको व जात यांचा दुरावा पत्करला होता त्या धर्माचे माहेर पाहण्यास ते मोठ्या आशेने गेले असतील. परंतु लंडनच्या रस्त्यांत त्यांनी जे जीवन पाहिले त्याने त्यांचा असा काही विरस झाला, की ऑक्सफर्ड येथे मॅक्समुल्लर भट्टांपाशी त्यांनी बोलून दाखविले, की हाच जर ख्रिस्ती धर्म असेल तर मी ख्रिस्ती नव्हे. ही हकीकत स्वतः मॅक्समुल्लर यांनीच पुढे लिहून ठेवली आहे. गोऱ्हे मात्र मरेपर्यंत, म्हणजे १८९५ पर्यंत, ख्रिस्तीच राहिले. धर्म आणि तो पाळणाऱ्यांचे जीवन या दोन वस्तू वेगळ्या धरण्यास ते तेथे शिकले असावेत.

मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “आमचा मूळपुरुषही विलायतेस जाऊन आला होता. बेथेलचा.”

बेथेल हे जालन्याजवळचे खेडे. बायबलात याकोब एका धोंड्यावर डोके ठेवून निजला व त्यास स्वप्नात स्वर्गाची शिडी दिसली, त्या जागेस त्याने दिलेले हे हिब्रू नाव. अर्थ देवाचे घर. ते वसविणारे नारायण शेषाद्री हे ब्राह्मण. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत असता १८४३ मध्ये रॉबर्ट नेस्बिट या पाद्र्याच्या हातून त्यांनी दीक्षा घेतली. त्यांच्यामागोमाग त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला. तो बारा वर्षांच्या आतबाहेरचा. बापाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली, सर अर्स्किन पेरी यांनी मुलगा बापाच्या स्वाधीन करविला, आणि खरा खटला तेथून पुढे सुरू झाला. मुलगा परत आला, पण त्यास जातीत घ्यावयाचा की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास घ्यावे असा पक्ष उचलला व सनातनी मंडळींचा रोष स्वतःवर ओढवून घेतला. एका अजाण पोराने परक्याच्या घरी अन्न खाल्ले एवढ्यावरून त्यास जन्माचा बाहेर ठेवू पाहणाऱ्यांत माझ्यासारखे पुष्कळ शास्त्र शिकलेले लोक होते. त्यांनी ग्रंथ उघडले. मुलाच्या तोंडाकडे कोणी पाहिले की नाही, हे कागदपत्रांवरून समजत नाही.

थोरला भाऊ परत येणार नव्हताच. १८६० नंतरच्या दशकात तो जालन्यास आला. जालना तेव्हा निजामाच्या मोगलाईत. इंग्रजांची छावणी तेथे असली तरी राज्य परके, भाषा-दरबार परका. मुंबईच्या माणसाच्या दृष्टीने तो परमुलूखच, आणि शेषाद्रींचे मिशन या अर्थी परदेशातले मिशनच म्हटले पाहिजे. त्यांच्या उपदेशाकडे आकर्षिले गेले ते मुख्यत्वे गावकुसाबाहेरचे मातंग लोक. त्यांची वसाहत करण्यास जमीन दिली ती निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी. मुसलमान दिवाणाने जमीन द्यावी, ब्राह्मणाच्या पोटी जन्मलेल्या पाद्र्याने गाव वसवावे, आणि त्यात मातंगांनी ख्रिस्ती होऊन नांगर धरावा! मराठवाड्याचा इतिहास आपण १७ सप्टेंबर १९४८ च्या आगेमागेच तेवढा वाचतो; त्यामुळे असल्या गोष्टी आपल्याला नवलाच्या वाटतात.

शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्क येथे ख्रिस्ती पंथांची मोठी परिषद भरली होती तीस गेले. त्या वेळच्या वृत्तांतांत त्यांच्या भाषणाइतकेच वर्णन त्यांच्या पागोट्याचे व देशी पोषाखाचे आहे. हे मला महत्त्वाचे वाटते. तीस वर्षे ख्रिस्ती असलेला मनुष्य अमेरिकेत हजारो साहेबांपुढे उभा राहतो, तेव्हा धर्म त्यांचा आणि पागोटे आपले, असा त्याचा हिशेब असतो. माझ्या यजमानांच्या पूर्वजांस बेथेलमध्ये घर मिळाले ते या पागोटेवाल्याकडून. म्हणून त्या कुटुंबात ‘मूळपुरुष’ म्हणून त्यांचे नाव घेतात, रक्ताचे नाते नसताही.

“पागोटं राहिलं, पण हलगी गेली,” तो म्हणाला.

मी म्हटले, “म्हणजे?”

“आजोबा सांगायचे. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या हलगी वाजवायचे. ख्रिस्ती झाल्यावर मिशनच्या लोकांनी सांगितलं, हे मरीआईचं वाद्य, हे सोडा. पणजोबांनी हलगी चुलीत घातली. आणि तिकडं मी एका लग्नाला गेलो, तर चर्चच्या दारात घागरा नेसलेला गडी पिशवीचा बाजा वाजवतोय, आणि पाद्रीबोवा ताल धरतायत! मी विचारलं, हे वाद्य कधीचं? म्हणाले, लढाईचं, फार जुनं. मी म्हटलं, ख्रिस्ताच्या आधीचं असलं तर चालतं का? ते हसले. मग मी त्यांना हलगीची गोष्ट सांगितली. हसायचे थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत.”

या प्रश्नावर पंडिता रमाबाईंनी विलायतेत जेवढा झगडा केला तेवढा क्वचितच कोणी केला असेल. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या १८८३ साली इंग्लंडास गेली, वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिली, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला तिने बाप्तिस्मा घेतला. या निर्णयात वर सांगितलेल्या गोऱ्ह्यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता. आपल्या समाजाने तिला तेव्हापासून परकी मानले. परंतु तिची तिकडील पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने निघाली, ती ज्यांनी वाचली असतील त्यांस ठाऊक आहे की ज्यांच्या धर्मात ती गेली त्यांनाही ती सोपी गेली नाही. ती मांस खाईना. भगिनींना त्यात जातीच्या अभिमानाचा उरलेला अंश दिसे. तिच्यासाठी क्रूस करावयाचा ठरला तेव्हा त्यावर लॅटिन अक्षरे असावीत असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंचे म्हणणे, की लॅटिन मला समजत नाही व माझ्या देशबांधवांसही समजत नाही, अक्षरे संस्कृत असू द्या. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात तिने पुरुषविद्यार्थ्यांस शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला, कारण म्हणे इकडे लोकांस ते रुचणार नाही! ज्या बाईने भर सभेत शास्त्र्यांपुढे संस्कृतात भाषणे केली तिला हे ऐकावे लागले. ती ख्रिस्ती झाली. बटीक झाली नाही.

मला त्या पत्रव्यवहारात सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की तो सभेतला वाद नव्हता. सभेतले वाद आपल्याकडे पुष्कळ झाले. १८३१ साली मोरभट दांडेकर व जॉन विल्सन यांचा झाला. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी वाद करीत व ऐकण्यास गर्दी जमे. दोन्ही पक्ष आपण जिंकलो म्हणून घरी जात. रमाबाई व त्या भगिनी यांना घरी जाण्याची सोय नव्हती. त्या एकाच घरात राहत, एकाच मेजावर जेवत, आणि एकमेकींवर त्यांचा जीव होता. अशा ठिकाणी झालेले बोलणे कोणी जिंकत नाही.

ओट्यावर थंडी वाढू लागली. त्याच्या पत्नीने एक घोंगडी आणून माझ्या पायांवर टाकली व तीही दाराशी बसली. त्याने आणखी एक प्रसंग सांगितला. एका निवृत्त पाद्र्याने त्यास जेवावयास बोलाविले होते. त्याने सहज विचारले, “तुमच्या घराण्याचा पूर्वीचा धर्म कोणता?” याने उत्तर दिले, “माझ्या पूर्वजांना देवळाच्या आत जाता येत नव्हतं, आणि पोथीला हात लावता येत नव्हता. बाहेर उभं राहण्याला धर्म म्हणायचं असेल तर तो आमचा पूर्वीचा धर्म.”

मी यावर काहीच बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्यापाशी काही असते तर मी निश्चित बोललो असतो. मास्तरकीची सवय आहे.

“मग ते मला म्हणाले, निदान भाषा तरी तुमची. संस्कृतातलं काही म्हणून दाखवा. त्यांनी तिथल्या विद्यापीठात संस्कृत शिकलं होतं, गुरुजी.”

हा योगायोगाचा भाग नव्हे. एडिंबरोस संस्कृताचे अध्यासन १८६२ मध्ये निघाले. ते ज्यांच्या द्रव्याने स्थापन झाले ते जॉन म्यूर हे कंपनी सरकारचे नोकर. त्यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा ग्रंथ अनुष्टुभ छंदात लिहून, आमच्याच भाषेत आमच्या धर्माचे खंडन करून ख्रिस्ती मत मांडले. त्यास तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. पहिले उत्तर ‘सोमनाथ’ या नावाने आले. ते लिहिणारे सिहोरचे महाराष्ट्रीय पंडित सुबाजी बापू होत असे संशोधकांचे मत आहे. आणि एक उत्तर, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, ज्या तरुणाने दिले तो काशीचा नीलकंठ गोऱ्हे! आमचा पक्ष ज्याने इतक्या तडफेने लढविला तोच तीनचार वर्षांत ख्रिस्ती झाला; आणि ज्याने खंडन आरंभिले तो म्यूर पुढे खंडनमंडन बाजूस ठेवून मूळ संस्कृत वचनांचे पाच खंड संपादीत बसला व आपल्या पैशाने संस्कृताची गादी स्थापून गेला. वादाला बसलेले दोघेही उठले तेव्हा आपापल्या मूळ जागी राहिले नव्हते. प्रामाणिकपणे घातलेल्या वादाला हा धोका असतोच.

तर अशा शहरात, जालन्याचा हा माणूस त्या वृद्धापुढे बसला होता, आणि वृद्ध त्यास संस्कृत म्हणावयास सांगत होता.

“मला येत नव्हतं,” तो म्हणाला. “मी हिंदी घेतली होती ना.”

आता मला सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या एका गावच्या शाळेत मी तेव्हा संस्कृत शिकवीत असे. आठवीच्या आरंभी मुले संस्कृत किंवा हिंदी असा विषय निवडीत. हा मुलगा अर्ज घेऊन माझ्याकडे आला होता. सातवीला गुण बरे होते, फार उत्तम नव्हते. मी अर्ज पाहिला, नाव पाहिले, आणि म्हणालो, “तुमच्यात संस्कृत कशाला लागतं रे? हिंदी घे, गुण चांगले मिळतील.” रागाने म्हणालो नाही, पाठीवर हात ठेवून म्हणालो. शब्द मवाळ होते म्हणूनच ते इतकी वर्षे मला टोचले नाहीत, नुसते कोठेतरी पडून राहिले. त्याने मान तिरपी केली, अर्ज परत घेतला व तो गेला. त्या वर्षी माझ्या संस्कृताच्या वर्गात एकोणीस मुले होती. बाकांची उणीव नव्हती.

मी त्यास म्हणालो, “ते मीच तुला...” आणि अडखळलो, तू म्हणावे की तुम्ही, हेही मला संध्याकाळपासून ठरविता आले नव्हते. “ते मीच तुम्हांला घेऊ दिलं नाही. माझं चुकलं.”

तो एकदम संकोचला. “तूच म्हणा गुरुजी. आणि ते कशाला काढता? लहानपणची गोष्ट. तुम्ही गुणांचा विचार करून सांगितलं असेल.”

ही वाट त्याने मला मोकळी करून दिली होती व मी तिच्यावर पाऊल टाकलेही असते. परंतु दाराशी बसलेली त्याची पत्नी शांतपणे म्हणाली, “गुरुजी, एक विचारू का? तेवढेच गुण असलेला दुसरा कुणी मुलगा आला असता, जोशी-कुलकर्ण्यांचा, तर त्याला तुम्ही काय सांगितलं असतं?”

तिच्या स्वरात तिखटपणा नव्हता. रुग्णाला कोठे दुखते ते विचारावे तसे तिने विचारले.

मी म्हणालो, “घेतला असता.”

“बरं,” ती म्हणाली, आणि आत जाऊन चहा ठेवू लागली. यापेक्षा अधिक कठोर किंवा अधिक सौम्य काही तिने म्हटले असते तर मला सोपे गेले असते. श्रीपत शेषाद्रीची हकीकत मी दोन तासांपूर्वी याच ओट्यावर मोठ्या हिरिरीने सांगितली होती, आणि ग्रंथ उघडून मुलाच्या तोंडाकडे न पाहणाऱ्या शास्त्र्यांस नावे ठेवली होती.

बराच वेळ कोणी बोलले नाही. नदीच्या बाजूने टिटवी ओरडत गेली. मग तोच हसून म्हणाला, “पण मी त्या म्हाताऱ्यापुढं अगदीच गप्प बसलो नाही. आमचा हिंदीचा वर्ग तुमच्या वर्गाला लागूनच होता ना. मध्ये नुसती लाकडी फळी. तुम्ही पोरांकडून मोठ्यानं घोकून घ्यायचे. मला तेवढं पाठ झालं होतं. मी म्हटलं, रामः रामौ रामाः. तर तो म्हातारा काय करील? डोळे मिटून म्हणाला, रामम् रामौ रामान्. मग आम्ही दोघं मिळून संबोधनापर्यंत गेलो. पंचमीला मी अडकलो, त्यानं सांगितलं. त्याची बायको म्हणाली, ही कुठली प्रार्थना? तो म्हणाला, प्रार्थना नव्हे, व्याकरण आहे. आणि दोघंही जे हसलो!”

फळीपलीकडून शिकलेल्या त्या शब्दाचे रूप त्याने मलाही म्हणून दाखविले. उच्चार स्वच्छ होते. विसर्ग नेमका होता. माझ्या त्या एकोणीस जणांपैकी कितीजणांना आज तो तसा येत असेल, याचा मी विचार करू लागलो. पंचमीच्या द्विवचनाला तो पुन्हा अडला, तेव्हा मी ‘रामाभ्याम्’ म्हणालो, व तृतीया, चतुर्थी, पंचमी या तिन्हींचे द्विवचन एकच असते, त्यामुळे तिथे भिण्याचे कारण नाही, हेही सांगितले. “हे तुम्ही तेव्हाही सांगायचे,” तो म्हणाला. “फळीतून ऐकू यायचं.”

रात्री मला झोप थोडी लागली. पहाटे उठलो तो ओट्यावर तो बायबल वाचीत बसलेला. मी माझे संध्यावंदन पलीकडच्या कोपऱ्यात उरकले. आचमनासाठी पळीपंचपात्र बरोबर नव्हते. त्याच्या पत्नीने न विचारता एक घासलेला तांब्या व वाटी आणून ठेवली. दोघांचे आटोपल्यावर त्याने विचारले, “गुरुजी, तुम्ही आत्ता म्हणालात त्याचा अर्थ काय?” मी गायत्रीचा अर्थ सांगितला. हा मंत्र कोणास सांगावा व कोणास नाही याविषयी मला लहानपणी जे शिकविले गेले ते सारे आठवत होते; आठवत असूनच सांगितला. मग मी त्यास तो काय वाचीत होता ते विचारले. तो म्हणाला, याकोबाची गोष्ट. आणि धोंड्यावर डोके ठेवून निजलेल्या त्या प्रवाशाची गोष्ट त्याने मला वाचून दाखविली. बेथेल हे नाव आले तेथे तो जरा थांबला.

सकाळची मोटार मी जाऊ दिली. दुपारचीही. हसनाबादेस माझा मुक्काम एक रात्र ठरला होता तो तीन रात्री झाला. दुसऱ्या दिवशी तो मला बागेत घेऊन गेला. जालन्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले; मात्र पाणी उन्हाळ्यात पुरत नाही, आणि बाग जगविण्यासाठी पाण्याचे टँकर विकत घ्यावे लागतात, त्यात नफ्याचे काय होते ते विचारू नका, असेही म्हणाला. झाडांच्या ओळींतून हिंडता हिंडता अकारान्त पुल्लिंगी शब्द संपवून आम्ही नपुंसकलिंगाकडे वळलो. ‘फलम्’ हा शब्द शिकविण्यास त्याहून योग्य जागा मला चाळीस वर्षांच्या नोकरीत मिळाली नव्हती.

निघताना त्याने मोसंबीची एक गोणी टेंपोत माझ्यासाठी टाकली. मी गुरुदक्षिणा म्हणून ती नाकारली, व शेजाऱ्याची भेट म्हणून घेतली. हा भेद त्याच्या पत्नीच्या ध्यानात आला असावा, कारण तिने पदराआड हसू लपविले.

आता दर रविवारी त्याची चर्चमधली प्रार्थना आटोपली म्हणजे अकराच्या सुमारास त्याचा फोन येतो. अर्धा तास धडा होतो. ‘हरि’ शब्द झाला. ‘गुरु’ चालू आहे. षष्ठीच्या द्विवचनात तो अजून चुकतो, आणि चुकला की पलीकडून त्याच्या पत्नीचा आवाज येतो, “गुर्वोः.” ती शिकते आहे हे तिने मला अद्याप सांगितलेले नाही.